टनेल ‘अप’ आहे, पण डेटाबेस लागत नाही: ऑफिसचं आणि क्लाउडचं राउटिंग कुठे वेगळं पडतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं स्टॉक सॉफ्टवेअर तुम्ही बनवता. ॲप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या सर्व्हरवर हलवलंय, पण जुना एसक्यूएल सर्व्हर आणि वजनकाट्याचा पीसी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ऑफिसातच आहेत. ऑफिसातल्या मिक्रोटिक राउटरवरून क्लाउडपर्यंत व्हीपीएन टनेल (इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खाजगी वाट) टाकलाय आणि तो दोन्हीकडे ‘अप’ दिसतो. तरी ॲप सर्व्हरवरून डेटाबेस लागत नाही. लिनक्सच्या कमांडने सर्व्हरवर राउट टाकून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी विचारलंय की ऑफिसचं राउटिंग (पॅकेटची वाट ठरवणं) येत असताना क्लाउडचं नक्की काय वेगळं असतं, आणि डेव्हलपरने बीजीपी (राउटरांनी एकमेकांना वाटा आपोआप कळवायची पद्धत) शिकायलाच हवं का.

सांगली, मिरज, कुपवाड भागात हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर तळमजल्यावरचा सर्व्हर वरच्या मजल्यावर न्यायचा की मुंबईला, असा विचार अनेकांनी केला. पण वजनकाटा मुंबईला नेता येत नाही. त्यामुळे अर्धं इथे, अर्धं तिथे अशीच रचना बहुतेकांकडे राहते, आणि राउटिंगची सगळी गुंतागुंत या सांध्यावर येते.

आधी एक गोष्ट पक्की करू. राउटिंगचा मूळ नियम दोन्हीकडे तोच आहे. पॅकेटचा पत्ता बघायचा, राउट टेबलमधल्या (वाटांच्या यादीतल्या) ओळी बघायच्या, आणि त्यातली जी ओळ सर्वांत नेमकी बसते तिच्या दिशेने पॅकेट सोडायचं. १९२.१६८.१.०/२४ आणि ०.०.०.०/० (पहिली म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते, दुसरी म्हणजे कुठलाही पत्ता) या दोन्ही ओळी असतील तर पहिली जिंकते, मिक्रोटिकवरही आणि क्लाउडवरही. हा निर्णय कुठे घेतला जातो आणि तो तुम्हाला कुठे बघता येतो, एवढंच बदलतं. तुमची अडचण नेमकी तिथली आहे.

ऑफिसात राउटर ही एक वस्तू असते. मिरज जंक्शनावर उभं राहिलं की कुठली गाडी कोल्हापूरला निघाली आणि कुठली पंढरपूरकडे, ते डोळ्यांनी दिसतं. तसं मिक्रोटिकवर टॉर्च (त्यातलं ट्रॅफिक बघायचं साधन) लावला की कुठलं पॅकेट कुठल्या पोर्टने आलं आणि कुठल्या पोर्टने गेलं ते दिसतं. क्लाउडमध्ये असं जंक्शन नाही. तुमच्या सर्व्हरला डिफॉल्ट गेटवे (बाहेरचं पॅकेट जिथे द्यायचं तो पत्ता) म्हणून १०.२०.१.१ दिसतो, त्याचा मॅक ॲड्रेसही (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) मिळतो, पण त्या पत्त्यावर कुठलंही यंत्र बसवलेलं नाही. सर्व्हर ज्या भौतिक यंत्रावर चालतो, तिथली व्यवस्थाच एआरपीला (‘या पत्त्याचा मॅक कुठला’ या प्रश्नाला) उत्तर देते आणि पॅकेट बाहेर पडतानाच सबनेटच्या (नेटवर्कच्या त्या तुकड्याच्या) राउट टेबलप्रमाणे त्याची वाट ठरवते. म्हणून ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तो राउटर दिसत नाही, आणि त्यावर लॉगिन करून पॅकेट पकडताही येत नाही.

तुमच्या कमांडने फरक का पडला नाही, तेही यातच आलं. तुम्ही सर्व्हरला सांगितलंत की १९२.१६८.१.०/२४ साठी १०.२०.१.१ कडे जा. सर्व्हर डिफॉल्ट राउटमुळे आधीही तिकडेच जात होता. पुढचा निर्णय सर्व्हरच्या बाहेर, व्हीपीसीच्या (क्लाउडमधल्या तुमच्या खाजगी नेटवर्कच्या) राउट टेबलमध्ये होतो, आणि तिथे ही ओळ नसेल तर सर्व्हरच्या आत काहीही लिहून उपयोग नाही.

तेव्हा पहिलं काम ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये. ॲप सर्व्हर ज्या सबनेटमध्ये आहे त्या सबनेटला कुठलं राउट टेबल जोडलंय ते बघा. इथे फार जण फसतात. व्हीपीसीला एक मुख्य टेबल असतं, आणि ज्या सबनेटला वेगळं टेबल जोडलेलं नाही त्यांनाच ते लागू होतं. प्रायव्हेट सबनेटला बहुधा वेगळं टेबल जोडलेलं असतं, लोक ओळ टाकतात मुख्य टेबलात, आणि ‘राउट तर टाकलाय’ म्हणत बसतात. योग्य टेबलात १९२.१६८.१.०/२४ ची ओळ व्हीपीएन गेटवेकडे वळवा, किंवा त्या टेबलावर राउट प्रोपगेशन (व्हीपीएनकडून कळलेल्या ओळी आपोआप भरणं) चालू करा. स्टॅटिक व्हीपीएन (वाटा हाताने लिहायचं) असेल तर व्हीपीएन कनेक्शनमध्येही ऑफिसची रेंज लिहिलेली हवी.

एवढं केल्यावर निम्म्या लोकांचं काम होतं. उरलेल्यांचं परतीच्या वाटेवर अडतं, आणि तुम्ही लिहिलेल्या रचनेवरून तुमच्या बाबतीतही मला तिथलाच संशय येतो. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

टनेल ‘अप’ म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना ओळखलं आणि किल्ल्या जुळल्या, एवढाच त्याचा अर्थ. आतून तुमचं पॅकेट जातं का, आणि उत्तर परत येतं का, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. तुमच्या ऑफिसात कंपनीने दिलेला फायबरचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि मिक्रोटिक १९२.१६८.१.२५४ वर. आता बघा काय होतं. ॲप सर्व्हर १०.२०.१.१५ वरून पॅकेट निघतं, टनेलमधून मिक्रोटिकवर उतरतं, लॅनवरून एसक्यूएल सर्व्हर १९२.१६८.१.५० ला मिळतं. तो उत्तर तयार करतो, पाठवायचं असतं १०.२०.१.१५ ला. हा पत्ता त्याच्या लॅनमधला नाही, म्हणून तो आपल्या डिफॉल्ट गेटवेला देतो. डिफॉल्ट गेटवे आहे फायबरचा राउटर. त्या राउटरला टनेलची कल्पनाच नाही. तो उत्तर इंटरनेटच्या दिशेने सोडतो आणि ते तिथे संपतं. क्लाउडकडून बघणाऱ्याला फक्त टाइमआउट दिसतो.

हे ताडून पाहायला एसक्यूएल सर्व्हरवर वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि पोर्ट १४३३ वर (एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट) फिल्टर करा. १०.२०.१.१५ कडून आलेलं पहिलं पॅकेट दिसलं, तर जाण्याची वाट पूर्ण बरोबर आहे, क्लाउडकडे बघणं थांबवा. मग त्याला दिलेलं उत्तर उघडा आणि त्यावरचा डेस्टिनेशन मॅक ॲड्रेस बघा. तो मिक्रोटिकचा आहे की फायबर राउटरचा, एवढ्यावर निकाल लागतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. फायबरच्या राउटरवर ‘१०.२०.०.०/१६ साठी १९२.१६८.१.२५४ कडे’ असा स्टॅटिक राउट टाकता येतो, पण मी तो सुचवत नाही. जाताना पॅकेट मिक्रोटिकवरून थेट सर्व्हरला गेलेलं असतं आणि येताना फायबर राउटरवरून फिरून येतं. त्या राउटरच्या फायरवॉलने सुरुवातीचं पॅकेट पाहिलेलं नसतं, म्हणून मधूनच आलेलं उत्तर ती अवैध ठरवून टाकून देऊ शकते. एका मॉडेलवर चालतं, दुसऱ्यावर नाही. त्यापेक्षा दुसरा मार्ग घ्या: फायबरचा राउटर ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटिंग न करता लाइन नुसती पुढे द्यायच्या सेटिंगमध्ये) टाकून घ्या आणि सगळ्या ऑफिसचा डिफॉल्ट गेटवे मिक्रोटिकच करा. जायची आणि यायची वाट एकच झाली की अर्ध्या कटकटी मिटतात.

मिक्रोटिकवरच्या दोन गोष्टी याच वेळी बघून घ्या. एक, मास्करेडचा नियम. वजनकाट्याचा पीसी जेव्हा स्वतःहून क्लाउडकडे वजन पाठवतो तेव्हा मास्करेड त्याचा पत्ता बदलतो, मग ते पॅकेट आयपीसेकच्या (टनेलमधलं ट्रॅफिक कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीच्या) पॉलिसीत बसत नाही आणि टनेलबाहेर जातं. १९२.१६८.१.०/२४ कडून १०.२०.०.०/१६ कडे जाणाऱ्या ट्रॅफिकला सूट देणारा नियम मास्करेडच्या वर ठेवा. दुसरी, फास्टट्रॅक, म्हणजे चालू कनेक्शनला बरीच तपासणी वगळून झटपट पुढे सोडणारी सोय. त्यामुळे चालू कनेक्शनची पॅकेट आयपीसेकला चुकवून निघून जातात आणि कनेक्शन लागून मध्येच मरतं. टनेलमधल्या ट्रॅफिकला त्यातून वगळा.

आता क्लाउडच्या फायरवॉलबद्दल, कारण डेव्हलपर मंडळी राउटिंग आणि फायरवॉल एकत्र धरून गोंधळतात. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरभोवतीची फायरवॉल) स्टेटफुल आहे. बाहेर जाणारं कनेक्शन त्याने जाऊ दिलं की त्याचं उत्तर आपोआप आत येतं, वेगळा नियम लागत नाही. नेटवर्क एसीएल (सबनेटच्या वेशीवरची फायरवॉल) स्टेटलेस आहे, तिथे दोन्ही दिशा लिहाव्या लागतात, पण मूळ सेटिंगमध्ये ती सगळं सोडते. तेव्हा तुम्ही एसीएलला हात लावला नसेल आणि कनेक्शन क्लाउडकडून ऑफिसकडे जात असेल, तर या दोघांवर संशय घेऊ नका. उलट दिशेला मात्र, म्हणजे ऑफिसच्या पीसीकडून ॲप सर्व्हरकडे, इनबाउंड नियम लिहावाच लागतो.

एरर नीट वाचली तर पुष्कळ काही सांगते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर आनंद माना, कारण बहुतेक वेळा पॅकेट पोचून उत्तर परत आलेलं असतं, राउटिंग ठीक आहे आणि त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही इतकंच. एसक्यूएल एक्सप्रेस असेल तर टीसीपी मुळात बंद असतो आणि पोर्टही १४३३ नसतो, तो तपासा. टाइमआउट म्हणजे वाटेत कुणीतरी गप्प राहून टाकून दिलं, किंवा उत्तराला वाट सापडली नाही. आणि पिंगवर विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा दुसऱ्या सबनेटकडून आलेल्या पिंगला उत्तर देत नाही. चाचणी खऱ्या पोर्टवरच करा.

क्लाउडकडची बाजू बघायला फ्लो लॉग (ट्रॅफिकच्या नोंदी) चालू करा. ते काही मिनिटं उशिरा येतात आणि पॅकेटच्या आतलं दाखवत नाहीत, पण कुठून कुठे, कुठला पोर्ट, सोडलं की अडवलं, एवढं मिळतं. जाणारी नोंद ‘ॲक्सेप्ट’ आहे आणि परतीची नोंदच नाही, तर सिक्युरिटी ग्रुप निर्दोष. मग राउट टेबल, टनेल, मिक्रोटिक, सर्व्हरचा गेटवे याच क्रमाने पुढे सरका. मी नेहमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि मग तीच वाट उलटी चालतो. मधूनच एखादी सेटिंग बदलून बघणं टाळतो, कारण त्याने आधीचं काय होतं तेही हरवतं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ सहज लिहिलेली आहे, तिची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते: पुढे तासगाव आणि मिरजेची शाखाही अशीच जोडायची आहे. त्या दोन्ही ठिकाणची रेंज काय आहे? मी न बघता सांगतो, बहुधा १९२.१६८.१.०/२४ असेल, कारण फायबरचा राउटर बसवणारा माणूस डब्यातून निघालेलीच रेंज ठेवतो. एकच ऑफिस असेपर्यंत ते चालून जातं. तीन शाखा क्लाउडला जोडताना मात्र राउट टेबलमध्ये एकाच रेंजसाठी तीन वेगळ्या दिशा लिहिता येत नाहीत. टेबलने १९२.१६८.१.५० म्हणजे सांगलीचा की तासगावचा हे ठरवायचं कसं? इथे क्लाउड आणि ऑफिस यांच्यात काही फरक नाही, दोन्हीकडे ते अशक्यच आहे. फरक इतकाच की ऑफिसात हे कधी अंगावर येत नाही, कारण शाखा एकमेकांना जोडलेल्याच नसतात.

पत्ते आत्ताच वाटून घ्या. क्लाउडला १०.२०.०.०/१६, सांगलीला १०.१०१.१.०/२४, तासगावला १०.१०१.२.०/२४, मिरजेला १०.१०१.३.०/२४, असं काहीतरी. मग क्लाउडवरून सगळ्या शाखांसाठी १०.१०१.०.०/१६ अशी एकच ओळ फायरवॉलमध्ये लिहिता येते. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची रेंज मी मुद्दाम टाळतो. डॉकर (कंटेनर, म्हणजे ॲपचे वेगळे कप्पे, चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःसाठी १७२.१७.०.०/१६ घेतो आणि ॲमेझॉनची डिफॉल्ट व्हीपीसी १७२.३१.०.०/१६ वर असते. ऑफिसला १७२.१७ दिलं तर कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरला ते ऑफिस आपल्याच पोटात आहे असं वाटतं, आणि हा दोष शोधताना माणूस हैराण होतो.

रेंज बदलताना पीसींचा त्रास नसतो, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) ते काम करतो. हाताने पत्ता घातलेल्या वस्तू त्रास देतात: वजनकाट्याचा इंडिकेटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, पावती छापणारा प्रिंटर. आधी यांची यादी करा आणि सौदे नसतील त्या दिवशी बदल करा. इंडिकेटरचा पासवर्ड कुणाकडेच नाही, अशी वेळ आली तर मिक्रोटिकवर नेटमॅप वापरून ऑफिसची अख्खी रेंज क्लाउडला वेगळ्या पत्त्यांनी दाखवता येते. ते चालतं, पण लॉगमध्ये एकच यंत्र दोन पत्त्यांनी दिसू लागतं, म्हणून तो मी शेवटचा उपाय मानतो. क्लाउडच्या बाजूला लक्षात ठेवा, व्हीपीसीची मुख्य रेंज नंतर बदलता येत नाही, जादा रेंज फक्त जोडता येते. आणि प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते ॲमेझॉन राखून ठेवतं, तेव्हा /२८ घेतलं तर सोळातले अकराच हातात उरतात.

सगळं लागल्यावर एक विचित्र लक्षण दिसू शकतं: लॉगिन होतं, छोटी क्वेरी येते, पण मोठी स्टॉक यादी मागितली की स्क्रीन लटकते. हे पॅकेटच्या आकाराचं प्रकरण आहे. ऑफिसच्या लॅनवर १५०० बाइट जातात, फायबरवर पीपीपीओई (लॉगिन करून लाइन जोडायची पद्धत) असेल तर १४९२, आणि आयपीसेकचं वेष्टन त्यातले आणखी खातं. मोठं पॅकेट मावत नाही, आणि ‘लहान करून पाठव’ हा आयसीएमपीचा निरोप एखाद्या फायरवॉलने अडवलेला असतो. मिक्रोटिकवर टनेलच्या ट्रॅफिकचा टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास बांधून टाका. क्लाउडच्या आत पॅकेट ९००१ बाइटपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे दोन क्लाउड सर्व्हरमध्ये केलेली चाचणी इथे काहीही सिद्ध करत नाही.

मग वेगाचा मुद्दा. ऑफिसच्या लॅनवर एका क्वेरीची ये-जा मिलिसेकंदाच्या आत होते. सांगली ते मुंबई टनेलमधून ती समजा २० मिलिसेकंद झाली. तुमचं एक पान ३०० छोट्या क्वेरी मारत असेल, तर नुसत्या ये-जा करण्यातच ६ सेकंद गेले. राउटिंग कितीही नीट असलं तरी हे कमी होणार नाही, तिथे कोड बदलावा लागतो. माझं मत विचाराल तर डेटाबेसच्या शेजारी ऑफिसातच एक छोटी सेवा ठेवा, तिने गठ्ठ्याने डेटा द्यावा-घ्यावा. आणि वजनकाट्याच्या पीसीने वजन आधी स्वतःकडे साठवावं, मग क्लाउडला पाठवावं. गेटवर माल भरलेली गाडी उभी असताना लाइन गेली म्हणून काटा थांबला, हे कुठल्याही व्यापाऱ्याला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इंटरनेटवरच्या सेवांशी, उदाहरणार्थ एसएमएस पाठवणाऱ्या एपीआयशी, नॅट गेटवेमधून (खाजगी सर्व्हरला इंटरनेटवर नेणाऱ्या क्लाउडच्या दारातून) बोलणार असाल तर अजून एक फरक. ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन तो विसरतो. मिक्रोटिक मूळ सेटिंगमध्ये चालू टीसीपी कनेक्शन एक दिवस लक्षात ठेवतो. म्हणून ऑफिसात रात्रभर टिकणारा कनेक्शन पूल क्लाउडवर सकाळी पहिल्याच विनंतीला तुटलेला सापडतो. कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारा निरोप) ३०० सेकंदांच्या आत ठेवा. त्याच नॅट गेटवेवर प्रत्येक जीबीचे पैसेही लागतात. बॅकअप एसथ्रीवर (ॲमेझॉनच्या फाइल साठवणाऱ्या सेवेवर) जात असतील तर गेटवे एंडपॉइंट (नॅट गेटवे टाळून तिथे जाणारी वाट) जोडा, तो फुकट आहे आणि राउट टेबलमध्ये त्याची एक ओळ येते. ऑफिसात राउट बदलला म्हणून बिल बदलत नाही, क्लाउडमध्ये बदलतं.

आता बीजीपी. एक ऑफिस, एक टनेल आणि एकच रेंज असेल तर त्याची गरज नाही, स्टॅटिक राउट पुरे. पण ॲमेझॉन प्रत्येक व्हीपीएनला दोन टनेल देतं आणि देखभालीसाठी त्यातला एखादा कधीही थोडा वेळ खाली घेतं. मिक्रोटिकवर एकच टनेल लावला असेल तर तेवढा वेळ तुमचं काम बंद. दोन्ही टनेल चालवून आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जायचं असेल, किंवा शाखा तीन झाल्या आणि प्रत्येकीकडे दोन इंटरनेट लाइन आल्या, तर बीजीपीशिवाय ते हाताने सांभाळणं नकोसं होतं. अशा वेळी मी ऑफिसात एक छोटा लिनक्स पीसी ठेवतो, त्यावर स्ट्राँगस्वान (टनेलसाठी) आणि एफआरआर (बीजीपीसाठी). डेव्हलपर म्हणून तुम्हाला त्यातलं इतकं कळलं तरी भागेल: शेजारी (समोरचा राउटर) जोडलेला आहे का, आपण कुठली रेंज जाहीर करतोय, आणि समोरून कुठली मिळतेय. टेबलमध्ये एकाच रेंजची स्टॅटिक ओळ आणि बीजीपीने आलेली ओळ दोन्ही असतील तर ॲमेझॉन स्टॅटिक धरतं, म्हणून बीजीपीकडे जाताना जुनी स्टॅटिक ओळ काढायला विसरू नका.

हे सगळं ॲमेझॉन धरून लिहिलंय. ॲझ्युअरचं पुण्याचं रीजन घेतलंत तर सबनेट सगळ्या झोनमध्ये (रीजनमधल्या डेटा सेंटरांच्या वेगवेगळ्या गटांमध्ये) पसरलेलं असतं, ॲमेझॉनमध्ये ते एकाच झोनपुरतं असतं. ॲझ्युअरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर ‘इफेक्टिव्ह राउट्स’ बघता येतात, तिथून शोध सुरू करणं सोयीचं. गूगलमध्ये नेटवर्क जगभर एकच असतं आणि सबनेट रीजनपुरती. दोष शोधायची पद्धत मात्र हीच.

पुढे मदत लागली तर या गोष्टी पाठवा: ॲप सर्व्हरच्या सबनेटला जोडलेलं राउट टेबल, एसक्यूएल सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, मिक्रोटिकवरचे नॅटचे नियम आहेत त्याच क्रमाने, आणि तासगाव-मिरजेच्या रेंज. तासगाव-मिरजेच्या रेंज सारख्या निघाल्या तर डेटाबेस जोडायच्या आधी त्या बदलून घ्या.